तिसरा ठिपका

म्वालिमू ओलिवा किस्वागाचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता, आणि याचा तिला भारी अभिमान होता. न्जोंबे या डोंगरातल्या गावी मुलींच्या शाळेत ती सहा वर्षं फिजिक्स शिकवत होती; म्वालिमू म्हणजे तिकडं शिक्षक. सहा वर्षांत तिच्या तावडीतून एकही कॉपी सुटली नव्हती. मोज्यातली चिठ्ठी, पेनाच्या नळीतली चिठ्ठी, एकदा तर उकडलेल्या बटाट्याच्या पोटातली चिठ्ठी तिनं पकडली होती. बटाट्याची गोष्ट ती अजूनही नव्या शिक्षकांना चहाबरोबर ऐकवते, आणि ऐकणारा हसला तर तिला ते मुळीच आवडत नाही.

त्या सोमवारी विभागाच्या चाचणी परीक्षेचं प्रॅक्टिकल होतं. बारा मुली, बारा टेबलं. ही परीक्षा म्हणजे चाळणीच. हिच्यात जिचा पेपर रद्द झाला तिला मे महिन्यातल्या खऱ्या परीक्षेला बसता येत नाही. दोन वर्षं पाण्यात आणि पोरगी घरी. म्हणून ओलिवा सकाळपासून डोळ्यांत तेल घालून टेबलांमधून फिरली होती. बाहेर धुकं, आत बाराही डोकी ताजी भादरलेली. केस बोटाच्या पेरापेक्षा वाढू द्यायचे नाहीत हा शाळेचा नियम, आणि शुक्रवारी केसांची तपासणी ओलिवाकडं होती. मग काय विचारता! सहा मुलींची डोकी तिनं स्वतः उभं राहून स्वयंपाकघरामागच्या बाकावर भादरून घेतली. एडिना म्लिगोच्या कानामागं पात्याचा ओरखडा अजून लाल होता.

दुपारी एकला पेपर गोळा झाले. चार वाजता विभागाची गाडी यायची होती. ओलिवा स्टाफरूममध्ये बसून गठ्ठा खाकी कागदात बांधायला लागली. घडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन्ही कोपरे आत मुडपायचे, मग मधोमध दुमडायचं, मग नखानं दाबून शीर काढायची. चहाची पुडी असो की सरकारी लिफाफा, घडी तीच. जिथून घ्यावं तिथं ठेवावं, जसं घ्यावं तसं ठेवावं, असं ती मुलींना दिवसातून चारदा सांगे आणि स्वतःही तसंच वागे.

बांधता बांधता तिनं पेपर सहज चाळले आणि अकरा नंबरवर तिचा हात थांबला.

प्रयोग तसा साधा होता. काजळी धरलेल्या काचेवर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा पाडलेल्या. त्यांच्यातून लेझरचा लाल किरण सोडायचा. समोर दोन मीटरवरच्या कागदावर एक ठिपका पडत नाही, ठिपक्यांची ओळच पडते, कारण दोन चिरांतून आलेला उजेड एकमेकांत मिसळून कुठं वाढतो, कुठं विझतो. मधला ठिपका धरायचा, त्याच्या उजवीकडचे पाच ठिपके पेन्सिलीनं काढायचे, अंतरं मोजायची, हिशेब मांडायचा. अकरा मुलींनी पाच ठिपके काढले होते, शिस्तीत, जणू फूटपट्टीवरच्या खुणा. एकटीनं चार. पहिला, दुसरा, मग रिकामी जागा, मग चौथा आणि पाचवा. रिकाम्या जागी नीट अक्षरात लिहिलेलं: येथे ठिपका नाही.

ओलिवाच्या मनात पाल चुकचुकली.

पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि तोही विभागात गेल्यावर झाकून टाकतात. म्हणून नियम असा, की पेपरवर ओळखीची कसलीही खूण आढळली तर पेपर रद्द. आणि ही खूण नाही तर काय? समोरचा दात पडलेल्या तोंडासारखी ती ओळ, हजार पेपरांतसुद्धा लांबून ओळखू आली असती. बरं, विभागाचे प्रॅक्टिकलचे पेपर तपासायला कोण बसणार होतं? प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या म्झे म्लिगोंचा पुतण्या; म्झे म्हणजे वडीलधारे. काचा कुणी बनवल्या? म्झे म्लिगोंनी. आणि अकरा नंबरच्या मुलीचं आडनाव काय? म्लिगो. त्या डोंगरात म्लिगो आडनावाची माणसं गवतासारखी उगवतात हे ओलिवाला माहीत होतं. पण संशय एकदा डोक्यात शिरला की असल्या गोष्टी कोण मोजतं? पाणी मुरत होतं, आणि कुठं मुरत होतं तेही तिला कळलं होतं.

तिनं एडिनाला बोलावून घेतलं.

एडिना उंच, अबोल मुलगी. आई चहाच्या मळ्यात पानं खुडते. इथवर पोचलेली घरातली ही पहिलीच. ती दारात गुडघे किंचित वाकवून उभी राहिली, "शिकामू, म्वालिमू" म्हणाली. मोठ्यांना केलेल्या या नमस्काराला "मराहाबा" म्हणून उत्तर द्यायचं असतं, तसं ओलिवानं दिलं, पण ओठांतल्या ओठांत. मग पेपर तिच्यासमोर सरकवला.

"तिसरा कुठं गेला?"

"नव्हता, म्वालिमू."

"नव्हता म्हणजे? वर्षभर मी काय घसा कोरडा केला?"

एडिनानं पाठ केल्यासारखं सांगितलं, "बोर्डाला पाच ठिपके लागतात. एखादा दिसला नाही तर अंतर मोजून जिथं असायला हवा तिथं काढायचा."

"मग?"

"दिसलाच नाही, तर काढू कसा?"

ओलिवाला हे उत्तर उद्धट वाटलं. खरं म्हणजे कुठलंही उत्तर त्या वेळी तिला उद्धटच वाटलं असतं. तिनं उलटतपासणी सुरू केली. प्रयोगशाळेत जाणं-येणं किती? म्झे म्लिगो कोण लागतात? मागच्या गुरुवारी तिथं काय चाललं होतं? एडिना म्हणाली की काचा धुवायला बाबूंनी तिघींना बोलावलं होतं, तिघींनी धुतल्या आणि गेल्या. बाबू म्हणजे आजोबा. शाळेतल्या सगळ्याच मुली म्झेंना बाबू म्हणतात, अगदी स्वयंपाकीणसुद्धा. पण ओलिवानं त्या वाक्यातून तेवढाच शब्द खड्यासारखा उचलला.

"हे असं करायला कुणी सांगितलं, त्याचं नाव सांग. तुझं काहीतरी बघता येईल."

"कुणी नाही सांगितलं." एडिनाचा हात कानामागच्या ओरखड्याकडं गेला. "मला घरी पाठवणार का, म्वालिमू?"

"चार वाजता गाडी येईल. तोवर आठव."

पोरगी गेली. ओलिवानं कपाटातून गैरप्रकाराच्या अहवालाचा फॉर्म काढला, वर तारीख घातली, अकरा नंबर लिहिला. कारणाची जागा तिनं कोरी ठेवली. आपल्यावर कुणी उद्या बोट दाखवायला नको, म्हणून आधी पुरावा हातात हवा होता.

प्रयोगशाळेत म्झे म्लिगो बारा काचा लाकडी खोक्यात उभ्या लावत होते. दोन महिन्यांनी निवृत्त होणारा माणूस, वाळून काटकी झालेला, बोटांना कायमची काजळी. ओलिवा आत आली ती शिकामू न म्हणताच. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्झेंनी मान वर केली, क्षणभर वाट पाहिली, आणि पुन्हा काचांकडं वळले. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला नमस्कार न करणं म्हणजे त्या मुलखात थोबाडीत मारण्यासारखंच, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

तिनं अकरा नंबरची काच मागितली. म्झेंनी दिली. ती तिनं लेझरसमोर लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि भिंतीवरच्या कागदाकडं पाहिलं. मधला ठिपका झगझगीत. पहिला, दुसरा. मग अंधार. मग चौथा, फिकट, आणि पाचवा.

म्हणजे पोरीनं काढलं ते खरं होतं. दुसरं कुणी असतं तर इथं त्याचा जीव भांड्यात पडला असता. ओलिवाचा संशय उलट दुप्पट झाला. कारण तिला विद्यापीठात शिकलेलं आठवत होतं: चिरा रुंद असल्या की ओळीतले ठराविक ठिपके गळतात. बारा काचा एकाच हातानं, एकाच पाकिटातल्या कोऱ्या पात्यांनी केलेल्या. त्यातली एकच रुंद निघते आणि ती नेमकी म्लिगोंच्या मुलीच्या टेबलावर जाते? हा योगायोग म्हणायचा? उरलेल्या अकरा पेपरांवर पाच पाच ठिपके होते. अजून कसला पुरावा हवा होता?

"ही काच तुम्ही मुद्दाम वेगळी केलीत," ती म्हणाली.

म्झेंना आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं धडाधडा मांडलं: खूण, पुतण्या, आडनाव, रद्द होणारा पेपर, आणि जाता जाता त्यांची बंद होणारी पेन्शनही. म्झे ऐकत राहिले. त्यांचा चेहरा रागानं काळवंडला, पण आवाज चढला नाही.

"म्वालिमू, शनिवारी तुमच्यासमोर लिफाफा उघडला. कुठला प्रयोग आहे ते तेव्हा कळलं. दुपारी काचा केल्या, केल्या त्या क्रमानं नंबर घातले. कुठली काच कुठल्या टेबलावर जाणार ते तुम्ही आज सकाळी ठरवलंत. मी नाही."

हे खरं होतं. मुलीचा नंबर तोच काचेचा नंबर, अशी टेबलं लावायचं तिनंच सकाळी सांगितलं होतं. ओलिवा जराशी अडखळली. पण अडखळलेलं माणूस गप्प बसतंच असं नाही. ती म्हणाली, मग चीर रुंद झाली कशी ते सांगा.

म्झे खुर्चीवर टेकले. हा प्रश्न त्यांच्या कसबाचा होता. तिनं केलेल्या आरोपापेक्षा तो त्यांना जास्त झोंबलेला दिसला. त्यांची पद्धत सगळ्या शाळेला ठाऊक होती. दोन पाती एकत्र धरायची, मधे चहाच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचा तुकडा, आणि काजळीवरून एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा हात फिरवायचा नाही. त्या कागदामुळं चिरांमधलं अंतर ठरतं आणि पात्याच्या धारेमुळं चिरेची रुंदी.

"अंतर बदललं की सगळे ठिपके एकमेकांपासून लांब किंवा जवळ सरकतात," ते तिला समजावत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. "इथं ठिपके जागच्या जागी आहेत, म्हणजे अंतर बरोबर. फक्त तिसरा मेलाय. म्हणजे चीर फुगलीय. अंतराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. तेवढी फुगली की त्या जागी एकेक चीर स्वतःच अंधार पाडते. मग दोघी मिळून उजेड आणणार कुठून? धार बोथट होती, म्वालिमू. बोथट धार कापत नाही, खरवडते."

"पाती कोरी होती. पाकीट मी स्वतः आणलंय."

"कोरी होती. पहिली काच तुम्ही तपासलीत, झकास निघाली. बाकीच्या मी तपासायला हव्या होत्या. डोळे दुखत होते, म्हटलं एकाच पाकिटातली पाती. ती चूक माझी." ते उठले आणि टेबलाचा खण ओढू लागले. "एका जोडीनं चार काचा. तीन जोड्या वापरल्या. शेवटची जोडी इथंच आहे, कागदासकट."

त्यांनी दोन पाती आणि त्यांचा तेलकट कागद टेबलावर ठेवला. खिशातून भिंग काढलं, पातं उजेडाकडं धरलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग भिंग तिच्याकडं सरकवलं.

ओलिवानं पाहिलं. धार करवतीसारखी दातेरी झालेली. मधल्या भोकाच्या कडेला साबणाचा वाळलेला पांढरा थर, आणि त्या थरात चिकटलेला एक बारीक, वेटोळा केस.

"माझ्या पात्यानं डोकी कुणी भादरली?" म्झेंनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "आणि भादरून पुन्हा कोऱ्यासारखी गुंडाळून कुणी ठेवली? मी फसलो ते त्या घडीमुळं."

ओलिवाची नजर कागदाकडं गेली. दोन्ही कोपरे आत मुडपलेले. मधोमध दुमड. नखानं दाबून काढलेली शीर.

शुक्रवारची संध्याकाळ तिला लख्ख आठवली. मेट्रनकडची पाती संपलेली, दुकान लांब, रांगेत सहा मुली, आणि तिच्याकडं प्रयोगशाळेची किल्ली. दोन पाती तर घेतेय, म्हणाली होती ती. सहा डोकी झाली. मग तिनं पाती फडक्यानं पुसली, त्यांच्याच कागदात नीट गुंडाळली, जिथून घेतली तिथं ठेवली, आणि आपल्या टापटिपीवर खूष होऊन जेवायला निघून गेली. शनिवारी लिफाफा उघडला तेव्हा पात्यांची आठवण तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

भिंतीवर अजून लाल ठिपके होते. ती त्यांच्याकडं पाहत म्हणाली, "ही घडी माझी आहे, म्झे."

म्झेंनी भिंग पुन्हा खिशात टाकलं. तिला वाटलं, त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. एका पोरीला ती खड्ड्यात ढकलायला निघाली होती, आणि तो खड्डा तिनंच खणून वर नीट झाकण घालून ठेवला होता.

पण तिचं डोकं जात्याच संशयी, ते अशा वेळीही थांबेना. एका जोडीनं चार काचा, म्हणाले होते म्झे. शेवटची जोडी म्हणजे नऊ, दहा, अकरा, बारा.

तिनं नऊ नंबरची काच लावली. पहिला, दुसरा, अंधार, चौथा, पाचवा. दहा नंबरची लावली. तेच. बाराची लावली. तिथंही तिसऱ्याच्या जागी अंधार.

ती धावत स्टाफरूममध्ये गेली, गठ्ठा घेऊन आली, नखानं दाबलेली घडी टराटरा उकलली. नऊ, दहा आणि बारा नंबरचे पेपर काढले. तिन्हींवर पाच पाच ठिपके होते. तिसरा ठिपका तिन्हींवर अगदी नेमक्या जागी, जिथं असायला हवा तिथं. दहा नंबरवालीनं तर तो बाकीच्यांपेक्षा जरा ठळकच काढला होता.

वर्षभर ती मुलींना हेच शिकवत आली होती. उकडलेल्या बटाट्यातली चिठ्ठी पकडणाऱ्या बाईनं बारा मुलींना जे दिसत नाही ते काढायला शिकवलं होतं. बारातल्या एकीनंच ते ऐकलं नाही. तिचाच नंबर आज फॉर्मवर चढला होता.

"आता काय करणार?" म्झेंनी विचारलं.

पावणेचार झाले होते. फॉर्म फाडून टाकावा आणि गठ्ठा बांधून द्यावा, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. मग अकरा नंबरचा पेपर हजारांत वेगळा दिसत राहिला असता, आणि तिकडं विभागात तिच्यासारखंच कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलं असतं. अकरा जणी खऱ्या आणि एक खोटी, असंच त्यालाही वाटलं असतं. पोरगी वाचली नसतीच. तिसऱ्या ठिपक्याचा खुलासा केला तर ती वाचत होती, पण मग त्या तिघींचं खोटं उघडं पडत होतं, आणि ते खोटं कुणी शिकवलं हेही.

तिनं पहिला फॉर्म फाडला आणि दुसरा घेतला. उमेदवाराच्या नंबरावर काट मारून तिथं स्वतःचं नाव लिहिलं. कारणाच्या जागेत लिहिलं, की शुक्रवारी मी प्रयोगशाळेची पाती मुलींच्या केसांना वापरून परत ठेवली. त्यामुळे नऊ ते बारा नंबरच्या काचांवर तिसरा ठिपका पडत नाही. चारही काचा सोबत पाठवत आहे, तपासून पाहाव्यात. अकरा नंबरने जे दिसलं ते लिहिलं आहे. नऊ, दहा आणि बारा नंबरने मी जे शिकवलं ते लिहिलं आहे. त्यांना शिक्षा करायची असेल तर आधी मला करावी. त्या चौघींचं प्रॅक्टिकल चांगल्या काचांवर पुन्हा घ्यावं, ही विनंती.

म्झेंनी वाचलं. कारणाच्या शेवटी थोडी जागा उरली होती, तिथं त्यांनी एक ओळ घातली, की सगळ्या काचा तपासणं माझं काम होतं, मी केलं नाही. आणि सही केली.

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "तुमचे दोनच महिने राहिलेत."

"म्हणूनच," म्हणाले म्झे.

गाडीवाल्यानं फाटकाशी हॉर्न वाजवला. ओलिवानं फॉर्म, पुन्हा बांधलेला गठ्ठा आणि चार काचांचं खोकं त्याच्या हातात दिलं, पावती घेतली. परत येताना ती प्रयोगशाळेच्या दारात थांबली, गुडघे वाकवले आणि मघाशी राहिलेलं "शिकामू, म्झे" म्हणाली. म्झे काचेवरची काजळी पुसत होते. हातातली काच पुसून झाल्यावर, तिच्याकडं न बघता, "मराहाबा" म्हणाले.

एडिना नळाजवळच्या दगडावर बसली होती. शेजारी तिची पत्र्याची पेटी होती, कपडे भरून कुलूप लावलेली. पोरीनं आवराआवर करून टाकली होती. ओलिवाला तिच्यासमोर उभं राहणं जड गेलं. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाती, केस, बोथट धार, फुगलेली चीर. तुझा पेपर विभागाकडं गेला आहे आणि त्यावर काही डाग नाही, म्हणाली. मला माफ कर, असंही म्हणाली. शाळेत ते कुणी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

एडिना ऐकत होती. तिचा हात पुन्हा कानामागं गेला आणि तिथंच राहिला. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिनं विचारलं,

"म्हणजे नऊ, दहा आणि बारालाही तिसरा दिसला नव्हता?"

"नाही."

"मला वाटलं, माझेच डोळे खराब आहेत," एडिना म्हणाली. "तुम्ही शिकवलेलं सगळ्यांना दिसत होतं."

ओलिवानं वाकून पेटीची एक कडी धरली, एडिनानं दुसरी धरली, आणि दोघी ती वसतिगृहाकडं परत घेऊन गेल्या.